वायतुरा बागेतल्या हौदात लावता येईल का?

रानभूल

नमस्कार मंडळी,

सातारा शहराबाहेर आमचं बैठं घर आहे. परसात आधीच्या मालकांनी गुरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद आहे, सहा फूट बाय तीन फूट, कमरेपेक्षा जरा कमी खोल. गुरं गेली, हौद राहिला. जो येतो तो म्हणतो, कमळ लाव. मला कमळ नकोय. इथून पंचवीसेक किलोमीटरवर कास आहे, आणि मला पठारावरचं काहीतरी हवंय. खरं सांगायचं तर वायतुराच हवाय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पावसाळ्यात कातळावर जी उथळ डबकी साचतात त्यात हा उगवतो. तळाशी कंद, पाण्यात लांबट पानं, आणि मधून एक दांडा वर येतो. त्याला टोकाशी दोन फाटे फुटतात आणि दोन्हींवर जांभळट-गुलाबी बारीक फुलं दाटीनं बसतात. लोक सोनकी आणि तेरड्याच्या गालिच्याचे फोटो काढत याच्या शेजारून निघून जातात.

कोणी लावून बघितलाय का? कंद कुठे मिळतो? हौदात किती पाणी ठेवायचं? आमचे मेहुणे म्हणतात, "दोन कंद आणून देतो, कोण बघतंय?" म्हणून आधी इथे विचारते.

निवडुंग

ताई, मेहुण्यांना पहिल्यांदा थांबवा.

कासचं पठार राखीव वन आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनोपजाच्या व्याख्येत झाडंच नव्हे तर गवत, वेली, कंद, फुलं सगळं येतं. राखीव वनातून काहीही उपटून आणणं हा गुन्हा आहे. २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आहे ती वेगळी. आणि "कोण बघतंय"चं म्हणाल, तर हंगामात तिथे पावलोपावली माणूस असतो.

टोपीवाला

आलं का कायद्याचं पुस्तक! अहो, हंगामात रोज हजारो लोक तिथे चालतात, गाड्या रस्त्याच्या कडेला चिखलात घालतात. त्याखाली किती कंद चिरडत असतील? या बाई तर प्रेमाने लावणार आहेत. दोन कंदांनी पठार ओसाड पडत नाही. उलट चार घरांत गेला तर वनस्पती वाचेल. तुळस घराघरात आहे म्हणून टिकली की नाही?

हिरवी_पाटी

टोपीवाला, तुमचा मुद्दा वरवर बरोबर वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. (महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, सवय जात नाही.)

वायतुऱ्याचं शास्त्रीय नाव आपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ साली त्याचं वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध झालं, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने हे पोर काल-परवाचं. उत्तर सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांबाहेर जगात कुठेही नैसर्गिकरीत्या मिळत नाही. कासला डबकंभर दिसतो म्हणून मुबलक आहे असं वाटतं, पण "जिथे आहे तिथे दाट" आणि "मुबलक" यात फरक आहे. त्याची जागाच मुळात बोटांवर मोजण्याइतकी. शिवाय दोन कंद नेणारे तुम्ही एकटे नसता. हा धागा वाचणाऱ्या शंभर जणांपैकी दहांना वाटलं तर?

तुळशीचं उदाहरण इथे लागू होत नाही. तुळस कोणत्याही मातीत येते. वायतुरा कंदावर जगत नाही, डबक्यावर जगतो. कंद आणता येतो, डबकं आणता येत नाही.

ते डबकं काय चीज आहे बघा. खाली जांभ्याचा थर, त्याच्याखाली काळा पाषाण. वर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. पाऊस जून ते सप्टेंबर कोसळतो, त्यात जे काही खत-क्षार असतील ते धुऊन जातात. म्हणून तिथलं पाणी जवळजवळ नुसतं पावसाचं पाणी असतं, त्यात झाडाला खायला काही नाही. इतकं नाही की शेजारच्या ओल्या गवतात सीतेची आसवे आणि दवबिंदू वाढतात, आणि दोघंही कीटकभक्षी. सीतेची आसवे मुळाशी बारीक पिशव्या लावून पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते, दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं पकडतो. ज्या जमिनीत नत्र मिळत नाही तिथेच असले उद्योग करावे लागतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी आटतं आणि उन्हाळ्यात तोच कातळ पाय ठेवता येणार नाही इतका तापतो. कंद कातळाच्या भेगेत झोपून असतो.

आता तुमचा हौद: कमरेइतकं खोल पाणी, बारा महिने भरलेला, बहुतेक बोअरचं जड पाणी, वर्षानुवर्षं शेणमुताचा अंश मुरलेला. एका गोष्टीचाही मेळ नाही.

रानभूल

पाटीताई, पटलं. मेहुण्यांना सांगितलं, ते हसले आणि म्हणाले "मग कमळच लाव."

पण कमळ लावणार नाहीच. हौद पाडायचाही नाही. पठाराच्या जवळपास जाणारं, पण चोरून न आणलेलं असं काही होऊ शकतं का?

सडेवाला

होऊ शकतं. मी राजापूर तालुक्यातला, आमच्या घरामागे आमच्याच सातबाऱ्यातला सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा सपाट कातळ आहे. त्यामुळे हे डबक्यांचं प्रकरण रोज डोळ्यांसमोर असतं.

आधी एक तिढा सांगतो, मग हौदावर येतो. कोकणातल्या सड्याला सरकारी कागदात आणि लोकांच्या तोंडी "पडीक" म्हणतात. पडीक म्हणून त्यावर सुरुंग लावून खड्डे काढतात, बाहेरून माती आणून भरतात आणि हापूस लावतात. किंवा चिऱ्याची खाण काढतात. खाणीत पाणी साठतं म्हणून कोणी सांगेल की "बघा, नवं तळं झालं", पण ते उभ्या भिंतींचं, पुरुषभर खोल पाणी. उथळ डबक्यातलं काहीही त्यात येत नाही. आम्ही आमच्या सड्याचा एक तुकडा तसाच ठेवला. काही "लावलं" नाही, माती टाकली नाही, फक्त दगड हलवले नाहीत. जुलैत तिथे गेंद, सीतेची आसवे, निळी-जांभळी बारीक मंडळी आपापली येतात.

त्या अनुभवावरून ताईंना एकच सांगेन. झाड आधी निवडू नका, आधी पाण्याचं वेळापत्रक ठरवा. हौदाचे दोन भाग करा. एका बाजूला जांभ्याचे चिरे रचून ओटा चढवा, वर वीतभर पाणी राहील इतका. हा भाग पावसावर भरायचा आणि पावसाबरोबर सोडून द्यायचा. दिवाळीनंतर त्यात पाणी घालायचं नाही, अगदी जीव तुटला तरी. दुसरा भाग खोल, तो वर्षभर भरलेला. दोन्हींच्या मध्ये आडवी भिंत हवी, नाहीतर खोल भागातलं पाणी ओट्याची माती ओली ठेवतं.

ओट्यावर आपोनोजेटॉन नाटान्स लावा. वायतुऱ्याचा चुलत भाऊ. तुरा एकेरी असतो, दोन फाटे नसतात, पण कूळ तेच, रंगही त्याच घरातला. पानं पाण्यावर तरंगतात. हा भारतात बऱ्याच ठिकाणी तळ्यांत आणि भातखाचरांत आढळतो, म्हणून कोणाचं काही ओरबाडल्यासारखं होत नाही. आमच्या खाचरात आहे.

टोपीवाला

"जीव तुटला तरी पाणी घालायचं नाही" हे माझ्या आईला सांगून बघा. ती वाळलेल्या कुंडीलासुद्धा रोज तांब्याभर घालते.

सडेवाला

आईंना खोल भाग द्या सांभाळायला :)

पण गंमत सोडा, टपातल्या पावसाळी फुलांचा घात बहुतेक वेळा याच्यानेच होतो. पानं पिवळी पडली की माणूस घाबरतो आणि पाणी वाढवतो. ओल्या मातीत झोपलेला कंद कुजतो. पानं पिवळी पडून गळणं हे त्याचं ठरलेलं वागणं आहे. बोटाने माती उकरून कंद दाबून बघा: टणक लागला तर सोडून द्या, मऊ लागला तर गेला.

आजोबांचीबाग

आमच्याकडे पुण्यात गच्चीवर अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये हे सगळे उद्योग चालतात, त्यामुळे मातीबद्दल लिहितो.

शेणखत नाही, गांडूळखत नाही, कोकोपीट नाही, रोपवाटिकेत मिळणारं "पॉटिंग मिक्स" तर मुळीच नाही. कोकोपीट तरंगतं आणि आठवडाभर चहासारखं पाणी सोडतं. खताने झाड नंतर वाढतं, शेवाळ आधी वाढतं. हिरव्या तंतूंची गादी तयार झाली की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि खेळ संपला. तळाला लाल माती आणि मुरूम निम्मे-निम्मे, वर दोन बोटं जाड, धुतलेली वाळू. वाळू धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, कंटाळा करायचा नाही.

पाणी पागोळ्यांचं धरा. पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्या, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यात येते. बोअरचं पाणी घातलंत तर हौदाच्या काठाला पांढरी रेघ येईल, तिथेच समजून जा. नळाचं पाणी घालावंच लागलं तर दोन दिवस उघड्यावर ठेवून.

आणि जुना हौद आहे हे उत्तम. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, पाणी अल्कधर्मी होतं. तुमचा कधीच धुऊन गेला असेल. फक्त आत घासून काढा, साबण न लावता, नारळाच्या शेंडीने.

हिरवी_पाटी

सडेवाल्यांच्या योजनेला +१. खोल भागासाठी मी कुमुदिनी सुचवते. कासवर तिच्या नावाचं तळंच आहे, आणि तरीही ती फक्त तिथलीच नाही. निम्फॉइडिस इंडिका (हे तिचं शास्त्रीय नाव) देशात पुष्कळ ठिकाणी आहे, त्यामुळे वैध मार्गाने मिळते. कमळ-कुटुंबातली नाही बरं का, पान तसं दिसतं म्हणून लोक फसतात.

हिचं फूल जवळून बघण्यासारखं. पांढऱ्या पाच-सहा पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका, आणि पाकळीच्या सबंध अंगावर मऊ पांढरे केस, जणू कोणी टॉवेलचं कापड कातरून फूल केलंय. सकाळी उमलतं, दुपारी उन्हं कलायच्या आत मिटतं, दुसऱ्या दिवशी पाण्याखाली जातं. दुपारी चारला बघायला जाणाऱ्यांना वाटतं, ही फुलतच नाही.

पान उलटं करून बघा. देठ पानाला जिथे मिळतो त्याच्या किंचित खाली कळ्यांचा झुबका असतो, रोज त्यातली एखादी वर येते. तो सांधा फार कामाचा. पान देठासकट तुटून तरंगत राहिलं तर त्या सांध्यातून मुळं सुटतात आणि नवं रोप तयार होतं. रोप वाढवायला एवढं पुरतं.

लावताना पसरट घमेल्यात तळ्याची चिकणमाती, वर वाळू, आणि माथ्यावर फूटभर पाणी. हौद खोल असेल तर खाली विटा लावून घमेलं वर घ्यायचं. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवंच, आंब्याच्या सावलीत नुसती पानं मिळतील.

चतुर

सगळे फुलांवर बोलताय, डासांवर कोणी बोलेना. सोसायटीतले शेजारी पहिल्या डेंग्यूला तुमच्या हौदावर येतील.

महापालिका गप्पी मासे फुकट देते ते घेऊ नका असं माझं मत. गप्पी आपल्याकडचा नाही, आणि पावसात हौद ओसंडला की ओढ्यात जाऊन बसतो. आपल्याकडे ओढ्या-खाचरांतला पिकू मासा आहे, पाण्याच्या वरच्या थरातच फिरतो, डासांच्या अळ्या टिपतो. खोल भागात तो सोडा. उथळ भागात मासा राहणार नाही, पण तिथे चतुर अंडी घालतो आणि त्याची पाण्यातली पिल्लं डासांच्या अळ्यांवरच पोसतात. (हो, म्हणून हा आयडी.) ती येईपर्यंतचा काळ जड जातो. तेव्हा बीटीआयची (एका जिवाणूपासून केलेल्या अळीनाशकाची) पूड टाका, ती डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या माश्यांच्या अळ्यांना मारते, चतुराच्या पिल्लांना नाही. रॉकेल किंवा जळकं तेल अजिबात नाही.

टोपीवाला

डासांचं पटलं. पण माझा मूळ प्रश्न कोणी घेतला नाही. पठारावर हात लावायचा नाही, घरात लावायचा नाही, मग उद्या पठारावरूनच वायतुरा संपला तर? कुठेतरी वाढवलेला असायला नको का?

हिरवी_पाटी

असायलाच हवा, आणि ते काम चालतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पती जपण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. खर्चुडीच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या जातींसाठी ते विशेष ओळखलं जातं. फरक असा की तिथे कोणत्या जागेवरून काय आणलं याची नोंद असते, एकापेक्षा जास्त ठिकाणचं बी असतं, आणि परवानगी घेतलेली असते. आपल्या परसात एकाच डबक्यातले दोन कंद पाच वर्षं जगले तरी त्यांना परत पठारावर कोणी लावू देणार नाही, आणि देऊही नये. त्यांच्याबरोबर आपल्या हौदातलं शेवाळ, गोगलगायींची अंडी आणि आणखी काय काय जाईल.

वायतुऱ्यासाठी काही करायचंच असेल तर कासला गेल्यावर डबक्यात पाय घालू नका. चिखलातला एक बूट खालच्या कोवळ्या कंदांची पार वाट लावतो. फोटोसाठी पाणी ओलांडून आत जाणारी मंडळी मी दरवर्षी बघते.

टोपीवाला

हं. परत लावू देणार नाहीत हे लक्षात आलं नव्हतं. मान्य.

अटलांटिकपार

मी फ्लोरिडात राहते. मूळची सांगलीची. धागा वाचताना गंमत वाटली, कारण इथे आमच्या भागातल्या कालव्यांत जे तण काढायला सरकार पैसे ओततं ते आपल्याकडचंच: कुमुदिनीची धाकटी बहीण, निम्फॉइडिस क्रिस्टाटा. शोभेची म्हणून आणली, तुटलेल्या पानांपासून पसरली, आता पाणी दिसत नाही. तुम्ही वर लिहिलेला तो सांधा इथे लोकांना नकोसा झालाय!

सांगायचं एवढंच की आपली असली तरी तुमच्या गावातल्या ओढ्यात, धरणात काही सोडू नका. आणि रोपवाटिकेत "स्नोफ्लेक" म्हणून मिळते ती नक्की कुठली ते फूल बघून घ्या. क्रिस्टाटाच्या पाकळीवर मधोमध एकच उभी झालर असते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. इंडिकाची पाकळी पूर्ण केसाळ. दोन्ही भारतातल्याच, पण मागितलं एक आणि घरी आलं दुसरं असं होतं.

आजोबांचीबाग

अगदी. माझ्याकडे एका रोपवाटिकेने "कुमुदिनी" म्हणून पिवळ्या फुलांचं वॉटर पॉपी पाठवलं होतं. ते दक्षिण अमेरिकेचं. फूल नसताना घेऊच नये.

आणि कुमुदिनीला भरपूर फुलं येऊनही बी एकही का धरत नाही? आमच्याकडे कायम तेच.

हिरवी_पाटी

कारण तुमच्याकडची सगळी रोपं एकाच रोपाची पिल्लं असणार. कुमुदिनीत दोन तऱ्हेची फुलं असतात. एका रोपावरच्या फुलांत मधली कुक्षी (पराग जिथे पडायला हवेत ते टोक) उंच आणि परागकोश खाली. दुसऱ्या रोपावर उलट, कुक्षी खाली दबलेली आणि परागकोश वर. एका तऱ्हेचे पराग दुसऱ्या तऱ्हेच्या फुलावर पडले तरच बी नीट धरतं. पानापासून वाढवलेली शंभर रोपं झाली तरी तऱ्हा एकच. सकाळी नऊच्या सुमारास मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठा करून बघा, लगेच कळतं.

आजोबांचीबाग

आत्ताच जाऊन बघितलं. सगळ्यांची कुक्षी वर. एकाही फुलाची खाली नाही.

सडेवाला

आमच्या तळ्यातल्यांची बघून सांगतो. खालची निघाली तर पाठवतो. ताईंना नाटान्सचे कंदही पाठवायचेत, एकाच खेपेत होईल. पण आत्ता भर पावसात नाही. पानं गळून कंद झोपले की काढतो, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर नुसता कागदी खोका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले की एस.टी.च्या डिकीत उकडून निघतात. कुमुदिनीची पानं मात्र ओल्या फडक्यात आणि पिशवीतच, ती सुकली की संपली.

ताई, कंद आले की कोरड्या वाळूत ठेवून द्या. मे अखेरीस ओट्यावर बोटभर खोल पुरा. कोंब वर दिसत असेल तर तो वर. पाऊस पडला की पुढचं तोच बघेल.

रानभूल

केवढं मिळालं! धन्यवाद सगळ्यांना, टोपीवाल्यांनासुद्धा, ते बोलले नसते तर निम्मं बाहेर आलं नसतं.

हौद काल शेंडीने घासून घेतला, तळाला एक भेग सापडली. गवंडी म्हणतो सिमेंटने बुजवतो. पण मग वर लिहिलेला चुन्याचा प्रश्न तेवढ्यापुरता परत येईल ना? आणि ओट्यासाठी चिरे नवे घ्यायचे की जुन्या घराचे चालतील? शेजारच्या गल्लीत एक वाडा पाडतायत.

आजोबांचीबाग

भेग बुजवा, पाण्याने भरा, आठवड्याने उपसा, पुन्हा भरा. तीन-चार वेळा केलं की पुरे. रोपं तशीही दिवाळीनंतर येणार आहेत, वेळ भरपूर आहे.

सडेवाला

जुने चिरे नव्यापेक्षा चांगले, पण त्यांना चिकटलेला जुना चुना आणि रंग खरवडून काढा. आणि ते खरंच जांभ्याचे आहेत ना ते बघून घ्या, साताऱ्याकडच्या वाड्यांना बहुतेक काळा दगड असतो. काळा दगड असला तरी ओट्याला चालेल, फक्त जांभा पाणी पितो तसा तो पीत नाही, म्हणून वरचा मुरूम जरा जाड ठेवा.